गोजिराचा गुन्हेगार कोण?

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी येथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी नौका होती. तिच्यावरच्या २३ जणांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली. नौकेचे बिनतारी यंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. पुढे सहा आठवड्यांच्या आत, ३ नोव्हेंबरला, तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ जपानभर झळकला. आपण ज्याला गॉडझिला म्हणतो, तो हाच.

चित्रपट सुरू होतो तोच समुद्रातला लखलखाट आणि बुडणारी नौका घेऊन. जपानी प्रेक्षकाला आणखी काही सांगण्याची गरज नव्हती. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धातून परतताना उद्ध्वस्त हिरोशिमा पाहून आले होते. त्यांचा गोजिरा बॉम्बचा बळी होता आणि स्वतःच बॉम्बही होता. शेवटी डॉ. सेरिझावा आपल्या संहारक शोधाने त्याला मारतात. पण तो शोध कोणाच्या हाती लागू नये म्हणून कागदपत्रे आधीच जाळून, स्वतःही समुद्रतळाशी राहतात. वृद्ध शास्त्रज्ञ यामाने बजावतात, की चाचण्या चालू राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल.

१९५६च्या अमेरिकी आवृत्तीत रेमंड बर हा नट वार्ताहर म्हणून घुसवला गेला आणि यामानेंचा इशारा गाळून दिलासा देणारा शेवट जोडला गेला.

म्हणून सारा दोष अमेरिकेचा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तोहोनेच १९५५मध्ये दुसरा गोजिरा आणला. यामानेंचा इशारा असा पुढच्या भागाची सोय ठरला. १९६४मध्ये गोजिरा तीन डोक्यांच्या घिदोराशी लढून पृथ्वीचा कैवारी झाला, आणि त्या चित्रपटाचे दिग्दर्शक होंडाच होते. मुलांच्या टाळ्या मिळाल्या. राख मागे पडली.

तरीही इथवर फक्त विसर होता. उलटापालट झाली ती २०१४च्या हॉलिवूडपटात. त्यात १९५४ची चाचणी ही चाचणी नव्हतीच, तो गॉडझिलाला मारण्याचा प्रयत्न होता, असा खुलासा येतो. तो करणाऱ्या पात्राचे नाव आहे डॉ. इशिरो सेरिझावा! होंडांचे नाव आणि त्यांच्या नायकाचे आडनाव. आदरांजलीसाठी घेतलेल्या या नावाच्या तोंडून मूळ आरोपच मागे घेतला जातो. बॉम्बने राक्षस जन्माला घातला, हे मूळ कथानक. राक्षस होता म्हणून बॉम्ब टाकला, हे नवे.

कथा काळानुसार बदलतात, आणि बदलाव्यातही. आपल्या पुराणकथांनाही ते चुकलेले नाही. मात्र कथेच्या मुळाशी खरा मृत्यू असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल ही केवळ कल्पकता राहत नाही. कुबोयामांची ती लाकडी नौका टोकियोतल्या युमेनोशिमा येथे आजही जपून ठेवलेली आहे. ती कोणत्याही राक्षसाच्या पाठलागावर गेली नव्हती. मासे धरायला गेली होती.