चाकांवरच्या घराची पारख

मोटारीमागे जोडून न्यावयाचे चाकांवरचे घर, म्हणजेच प्रवासी ट्रेलर, हे विसाव्या शतकातील अमेरिकन जीवनाचे एक खास अपत्य होय. ते विकत घेणाऱ्यापुढे आरंभापासून एकच प्रश्न उभा आहे : कोणत्या कंपनीच्या नावावर विश्वास टाकावा? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली. आणि त्यांतील एका उत्तराची किंमत हजारो निराश्रितांना मोजावी लागली.

या धंद्याचा प्रारंभच मुळी एका फसलेल्या खरेदीतून झाला. डेट्रॉइटचे जंतुशास्त्रज्ञ आर्थर शेर्मन यांनी १९२९ च्या सुमारास सुटीसाठी तंबूचा ट्रेलर घेतला. तो काही मिनिटांत उभा राहतो, असे जाहिरातीत म्हटले होते. प्रत्यक्षात पाऊस आला आणि तंबू ताणून होईपर्यंत सारे कुटुंब भिजले. शेर्मन यांनी मग पक्क्या भिंतींचा, छप्पर असलेला ट्रेलर बांधवून घेतला. त्याच्या चौकश्या होऊ लागल्या, तेव्हा ‘कव्हर्ड वॅगन’ या नावाने ते ट्रेलर विकू लागले. १९३६ पर्यंत त्यांचा कारखाना देशातील अग्रगण्य कारखान्यांत गणला जाऊ लागला. पाण्याला दाद न देणे, ही ट्रेलरची पहिली कसोटी अशी पावसानेच ठरविली.

दुसरी कसोटी विमानविद्येतून आली. लिंडबर्ग यांनी १९२७ साली ज्या विमानातून अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ साली ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, रिव्हेटांनी सांधलेला ट्रेलर तयार केला. त्यांची कंपनी टिकली नाही. मात्र वॉली बायम यांनी ती रचना उचलली, पुढच्या टोकाचे दार बाजूला घेतले आणि १९३६ साली ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला. त्याची किंमत १२०० डॉलर होती; मंदीच्या काळात ही रक्कम लहान नव्हे. येथे बाहेरचा पत्रा केवळ वेष्टन नव्हता. तोच भार पेलणारा सांगाडा होता. लाकडी चौकटीवर ठोकलेले तक्ते सांध्यांतून पाणी शिरले की आतून कुजत. एकसंध कवचाला हे भय पुष्कळच कमी. नाव आणि बांधणी यांचा मेळ बसला, तर नावाला मोल कसे येते, याचे हे उदाहरण होय.

पुढे मात्र हा मेळ सुटत गेला. उद्योग मुख्यतः इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात एकवटला. १९८० साली एअरस्ट्रीम विकत घेऊन उभ्या राहिलेल्या थॉर कंपनीने २००१ साली कीस्टोन आणि २०१६ साली जेको हे कारखानेही घेतले. ‘फॉरेस्ट रिव्हर’ २००५ साली बर्कशायर हॅथवे या उद्योगसमूहाकडे गेली. नावे अनेक उरली. धनी मोजके झाले. लोखंडी चौकट, आस, शेगडी, शीतपेटी ही अंगे प्रतिस्पर्धी कारखानेही पुष्कळदा एकाच पुरवठादाराकडून घेऊ लागले. १९७४ साली स्थापन झालेल्या उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का दारापाशी दिसतो खरा. पण तो वीज, गॅस, नळ आणि आग यांसंबंधीच्या सुरक्षानियमांपुरता आहे. सांधे किती काळजीने बुजविले, याची ग्वाही तो देत नाही.

याची विदारक प्रचीती २००५ साली आली. ऑगस्टमधील कतरिना वादळानंतर बेघर झालेल्यांसाठी सरकारने लाखाहून अधिक ट्रेलर व फिरती घरे पुरविली. सुटीतील चार दिवसांसाठी बांधलेल्या घरांत कुटुंबे महिनोन्‌महिने राहू लागली. अनेकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडू लागला. भुशाच्या व पातळ लाकडी तक्त्यांतील डिंकामधून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत होता. सरकारी आरोग्यसंस्थेने डिसेंबर २००७ ते जानेवारी २००८ या काळात अशी ५१९ घरे तपासली. हवेच्या एक अब्ज भागांत या वायूचे प्रमाण सरासरी ७७ भाग भरले. कोठे ते अवघे ३ होते, तर कोठे ५९०. एवढी तफावत रंगरंगोटीवरून वा नावावरून कोणाला ताडता आली असती? ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे हसून सोडून देण्याजोगी राहत नाही. २०१० साली अशा तक्त्यांतून निघणाऱ्या वायूवर मर्यादा घालणारा कायदा अमेरिकेत संमत झाला.

म्हणूनच जाणता ग्राहक आज नावाच्या पाटीआधी दुसरी पाटी वाचतो. ट्रेलरचे कमाल वजन किती आणि रिकामे वजन किती, हे तो पाहतो. दोहोंतील अंतर एवढाच भार त्यावर लादता येतो, आणि टाकीतील दीडशे लिटर पाणीच त्यातले दीडशे किलो खाऊन टाकते. टायर तो भार झेपणारे आहेत की नाहीत, हेही तो तपासतो. मग तो छपरावर चढून सांधे न्याहाळतो, कोपऱ्यांतील जमीन दाबून पाहतो, कपाटे उघडून हुंगतो. शेर्मन कुटुंबाला पावसाने जे शिकविले, ते एवढ्या वर्षांनंतरही जुने झालेले नाही : घराची परीक्षा दुकानातल्या प्रकाशात होत नाही, ती पावसात होते, आणि दारे-खिडक्या लावून काढलेल्या रात्रीत होते.