हरवलेला नाइटगाऊन

डिटेक्टिव्ह कथांचा इतिहास सांगायला बसलं की गाडी नेहमी एडगर अ‍ॅलन पोपासून सुटते. १८४१ साली त्याने पॅरिसमधल्या बंद खोलीतल्या खुनाची गोष्ट लिहिली, १८८७ मध्ये शेरलॉक होम्स आला, मग अगाथा ख्रिस्ती... हा रूट सगळ्यांना पाठ आहे. पण मधल्या एका स्टेशनावर ही गाडी सहसा थांबत नाही, आणि माझ्या मते खरा माल तिथेच चढला. स्टेशनाचं नाव रोड. इंग्लंडमधलं एक खेडं, साल १८६०.

तर झालं असं. २९ जूनच्या रात्री रोड हिल हाऊस या मोठ्या घरातली माणसं दारंखिडक्या लावून झोपली. सकाळी चार वर्षांचाही न झालेला सॅव्हिल बिछान्यात नव्हता. दिवाणखान्याची खिडकी उघडी सापडली आणि काही वेळाने त्याचं प्रेत आवारातल्या नोकरांच्या संडासात मिळालं, गळा चिरलेला. बाहेरून कोणी घुसल्याची खूण नाही. म्हणजे खुनी घरातलाच. वडील सॅम्युएल केंट सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर. सॅव्हिलची आई ही त्यांची दुसरी बायको, जी आधी याच कुटुंबात मुलांची गव्हर्नेस होती. पहिल्या बायकोची मोठी मुलं, दुसरीची लहान मुलं, नोकरचाकर. बंद घर, मोजकी माणसं आणि प्रत्येकाच्या पोटात काहीतरी. ख्रिस्तीबाईंचा अख्खा फॉर्म्युला त्यांच्या जन्माच्या तीस वर्षं आधीच तयार!

गावच्या पोलिसांनी आधी आयेवर संशय घेतला. गरीब नोकर बाई, सगळ्यात सोपं. शिवाय त्यांनी एक भीषण घोळ घातला. स्वयंपाकघरातल्या बंबाच्या भट्टीजवळ रक्ताचे डाग पडलेला एक कपडा त्यांना सापडला होता. कोणीतरी तो न्यायला येईल आणि आयताच पकडता येईल म्हणून त्यांनी तो परत तिथेच ठेवला, आणि तो गायब झाला. मग ही गोष्ट त्यांनी चक्क दाबून टाकली.

जुलैच्या मध्यावर लंडनहून जॅक व्हिचर आला. स्कॉटलंड यार्डची डिटेक्टिव्ह शाखा १८४२ मध्ये आठ माणसांनिशी सुरू झाली, त्यातला हा एक. माळ्याचा मुलगा. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात या डिटेक्टिव्हांचं भरभरून कौतुक केलेलं होतं. व्हिचरने काय केलं, तर धुण्याची यादी मागवली. आपल्याकडे धोब्याची वही असायची ना, तसलीच. पहिल्या बायकोची मुलगी, सोळा वर्षांची कॉन्स्टन्स, हिचे तीन नाइटगाऊन असायला हवेत, पण होते दोनच. तिसरा म्हणे धोबिणीने हरवला. मोलकरीण म्हणाली, मी तो टोपलीत टाकला होता. पण खुनानंतरच्या त्या सोमवारी कपडे बांधताना कॉन्स्टन्सने तिला खाली पाणी आणायला पाठवलं होतं. व्हिचरचा तर्क असा: तेवढ्या वेळात तिने स्वच्छ गाऊन टोपलीतून परत काढून घेतला. म्हणजे रक्ताने माखलेला गाऊन नष्ट केला तरी हिशोबात खोट दिसेल ती धोबिणीच्या माथी. रात्रंदिवस लॉग फाइली चाळणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचून काय वाटतं ते विचारू नका. दोन ठिकाणच्या नोंदी जुळल्या की सगळे निश्चिंत होतात, आणि हा माणूस नेमकं विचारतो, की नोंद झाल्यानंतर काय झालं?

व्हिचरने तिला अटक केली. आठवड्याभरात ती सुटली. पुरावा म्हणजे एक नसलेला कपडा! वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. एका माळ्याच्या पोराने सभ्य घरात शिरून तरुण मुलीच्या अंतर्वस्त्रांची चौकशी करावी? त्याच वेळी हेच सभ्य लोक आपापल्या थिअऱ्या पत्रांतून सरकारला कळवत होते. डिकन्सही त्यात आला. बाप आणि आया यांचंच हे काम, असं त्याचं ठाम मत. व्हिचर खचला आणि १८६४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाला.

एप्रिल १८६५ मध्ये कॉन्स्टन्स स्वतःहून लंडनच्या कोर्टात गेली आणि म्हणाली, खून मी केला.

आता कादंबरीकडे या. डिकन्सचा मित्र विल्की कॉलिन्स याने १८६८ मध्ये 'द मूनस्टोन' लिहिली. तिची सुरुवात आपल्या देशात, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीत होते. पण हिरा चोरीला जातो तो इंग्लंडमधल्या एका सभ्य घरात, आणि सार्जंट कफ तिथे येऊन शोधतो काय, तर रंगाचा डाग लागलेला नाइटगाऊन आणि धुण्याची वही. कफला गुलाबांचं वेड आहे. व्हिचर माळ्याचा मुलगा होता हे आठवा. कफचा पहिला संशय चुकतो, घरातून त्याला निरोप मिळतो. पण शेवटी तो बंद पाकिटात एक नाव लिहून देतो आणि ते बरोबर निघतं. (कोणाचं, ते सांगणार नाही.)

या प्रकारच्या गोष्टींची गोडी मला इथे दिसते. रक्तपाताशी तिचा फारसा संबंध नाही. इंग्रजी 'क्ल्यू' या शब्दाचा मूळ अर्थ सुताचा गुंडा, आणि आपण मराठीतही 'धागेदोरे'च म्हणतो. पुस्तकात धागा धरून गेलं की दार उघडतंच, तसा लेखकाचा आपल्याशी करार असतो. व्हिचरला तो करार कोणीच दिला नव्हता. त्याचा धागा बरोबर होता, पण दार उघडलं ते गुन्हेगाराच्या मर्जीने, पाच वर्षं उशिरा.

आणि पूर्ण उघडलं असंही नाही. तिच्या कबुलीजबाबात काही गोष्टी जुळत नाहीत. धाकटा भाऊ विल्यम तिच्या सोबत असावा असा व्हिचरला संशय होता, आणि केट समरस्केल यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात तो पुन्हा मांडला आहे. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली, वीस वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉन्स्टन्स सुटली. व्हिचर त्याआधीच, १८८१ मध्ये गेला होता. ती नाव बदलून ऑस्ट्रेलियात गेली, तिथे नर्स झाली आणि १९४४ मध्ये शंभरी पूर्ण करून वारली. १९२८ मध्ये जॉन रोड या रहस्यकथालेखकाने या खटल्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला सिडनीहून एक निनावी पत्र आलं. बालपणाचे इतके बारीक तपशील त्यात होते, की ते तिचंच मानलं जातं. सावत्र आईने केलेला जाच त्यात पानंच्या पानं आहे.

विल्यमने त्या रात्री काही केलं का, याबद्दल त्यात एक ओळ नाही.