धोब्याची खूण

बिब्बा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. दारावर लिंबू-मिरचीच्या जोडीला टांगलेला तो काळा, चपटा, इंचभर लांबीचा ऐवज आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. त्याच्या आतली गोडंबी आपण लाडवात घालतो, आणि कुणाचे काम मोडायचे झाले तर त्यात ‘बिब्बा घालतो’. हाच बिब्बा एके काळी परटाची दौतही होता. सुईने टोचायचा, आतला रस सुईच्या टोकावर घ्यायचा आणि कपड्याच्या आतल्या अंगाला दोन ठिपके, एखादी फुली किंवा गिऱ्हाइकाची ठरलेली खूण करायची. वरून चुना लावला की खूण काळीभोर आणि पक्की. मग कितीही भट्ट्या चढवा, ती जायची नाही. शंभर घरचे कपडे एकाच घाटावर धुणाऱ्या माणसाला ही खूण म्हणजे हिशेबाची वहीच होती.

या खुणेने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करी डॉक्टरांना चांगलेच कोड्यात टाकले. त्या कोड्याची ही हकिगत आहे.

१९४३ साली आसामच्या ईशान्य टोकाला, मार्गेरिटा या गावी अमेरिकन सैन्याचे एक मोठे रुग्णालय उभे राहिले. नाव ‘विसावे जनरल हॉस्पिटल’. त्यातले बरेचसे डॉक्टर फिलाडेल्फियाच्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातले होते. जवळच्या लेडोहून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून चीनकडे जाणारी सडक खोदण्याचे काम चालू होते. पाऊस, चिखल, जळवा, हिवताप, काय नव्हते तिथे! अशा ठिकाणी त्वचेचे रोग म्हणजे रोजचेच. पण त्यांत एक पुरळ निराळे दिसू लागले. एकाएकी मानेच्या मागे किंवा कमरेशी कातडी लाल व्हायची, सुजायची, आग आणि खाज सुटायची, पाण्याने भरलेले फोड यायचे आणि फुटून वाहू लागायचे. बाकीचे अंग मात्र स्वच्छ.

आता तुम्ही त्या डॉक्टरांच्या जागी आहात असे समजा. संशय कोणावर घ्याल? घामावर? पण घाम अंगभर येतो. किड्यावर? किडा प्रत्येक वेळी कॉलरखालीच कसा चावेल? नागीण म्हणावी, तर नागीण मज्जातंतूच्या वाटेने शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते. ती मानेच्या मधोमध रुपयाएवढी जागा धरून बसत नाही. खाकीच्या रंगावर बोट ठेवावे, तर सदऱ्याला रंग सगळीकडे सारखाच. म्हणजे सदऱ्याच्या नेमक्या त्याच जागी काहीतरी वेगळे असले पाहिजे. त्वचारोगाच्या शोधात रोगी काय सांगतो यापेक्षा पुरळ कुठे उठले आहे हे पुष्कळदा जास्त बोलके असते. सदरा उलटा करून पाहिला की उत्तर समोर: फोडांच्या बरोबर वर परटाची काळी खूण.

रोग्याला हे सहसा सुचत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. अशा पुरळाची खोड अशी, की ते स्पर्श झाल्याबरोबर उठत नाही. बारा तास, एक दिवस, कधी दोन दिवस मध्ये जातात. माणूस आज दुपारी काय खाल्ले, सकाळी कुठे बसलो हे आठवत राहतो आणि खरा गुन्हेगार परवाच्या धुतलेल्या सदऱ्यात आरामात बसलेला असतो.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याचे साधन युरोपात आधीच तयार झाले होते. योसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे एक साधी युक्ती मांडली. पाऱ्याच्या औषधाने ज्यांना पुरळ उठे, त्यांच्या निरोगी कातडीवर तेच औषध थोडेसे लावून वर पट्टी बांधायची आणि वाट पाहायची. त्याच जागी पुरळ उठले की गुन्हेगार सापडला. मार्गेरिटाच्या रुग्णालयातील लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तिघा डॉक्टरांनी या ‘धोबी-खुणेच्या दाहा’वरचा लेख अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९४३ सालीच प्रसिद्ध केला. बिब्ब्याचा अपराध असा नोंदला गेला. उपायही अगदी घरगुती निघतो: खूण असलेला तुकडा कापून टाका आणि यापुढे दुसऱ्या शाईने खूण करा.

इथे एक शंका तुमच्या मनात आली असेल. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या परटाने खुणा केल्या, मग ही ओरड परक्या शिपायांचीच का? आपल्याकडे कुणाला त्रास होतच नव्हता असे नाही. ‘त्याला बिब्बा उततो’ हा शब्दप्रयोग मराठीत उगीच आलेला नाही. मात्र अमेरिकन शिपायाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याच्या देशात रानोमाळ ‘पॉयझन आयव्ही’ नावाची विषारी वेल वाढते आणि तिच्या चिकाने लाखो लोकांचे अंग फुटते. ही वेल आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. आंबा, काजू आणि जपानी लाखेचे झाडही त्याच कुळातले. जपानच्या रिको माजिमाने लाखेतल्या दाहक द्रव्याची, म्हणजे उरुशिऑलची, रचना १९२२ पर्यंत उलगडली होती. इकडे पिल्ले आणि सलीमुज्जमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९३१ साली बिब्ब्यातून ‘भिलावनॉल’ वेगळे केले. ही सगळी द्रव्ये म्हणजे सख्खी भावंडे. शरीराला एकाशी वैर जडले की ते दुसऱ्यालाही तोंडावरून ओळखते. बालपणी वेलीच्या चिकाने पोळलेला पोऱ्या पृथ्वीला अर्धा वळसा घालून आसामात आला, तरी त्याच्या रक्तातल्या पेशी ते वैर विसरलेल्या नव्हत्या. ‘पेशी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण हे वैर रक्तातल्या नुसत्या द्रवाने नव्हे, तर पेशींबरोबर एका प्राण्यातून दुसऱ्यात जाते, हे लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगांवर प्रयोग करून १९४२ साली दाखवले होते.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हे कूळ वेगळे सांगायला नको. देठाजवळचा आंब्याचा चीक ओठाला लागला की काय होते ते पोरांना विचारा. काजूच्या बिया फोडणाऱ्या बाया हाताला राख किंवा तेल लावून बसतात, ते टरफलातल्या तेलाच्या भीतीने. १९८२ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातच काजू खाल्ल्यानंतर पुष्कळांच्या अंगावर पुरळ उठले. त्या काजूंत टरफलाचे तुकडे राहून गेले होते.

आता धोब्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण या गोष्टीत त्याच्यावर आधीच एक अन्याय होऊन गेला होता. इंग्रज साहेबाला हिंदुस्थानच्या दमट हवेत जांघेत खाज सुटे आणि तो तिला ‘धोबी इच’ म्हणे, म्हणजे धोब्याने घाणेरड्या पाण्यात कपडे धुतले म्हणून झालेली खाज. प्रत्यक्षात ते बहुधा गजकर्ण असे, म्हणजे बुरशीचा रोग. आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टराने सिलोनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी या बुरशांचा कसून अभ्यास केला. घाम, घट्ट कपडे आणि एकमेकांचा संसर्ग एवढे तिला पुरते. नाव मात्र धोब्याचे झाले ते झालेच. पुढे बिब्ब्याची खूण खरोखरच अपराधी ठरली, तेव्हा दोन्ही रोगांची नावे इतकी सारखी झाली की गोंधळ व्हावा. आणि या दुसऱ्या गुन्ह्यातही त्याने वावगे काय केले होते? गिऱ्हाइकाचा सदरा गिऱ्हाइकालाच परत मिळावा, एवढ्यासाठीच ना ती खूण?

आश्चर्य याचे वाटते, की उत्तर इथल्या भाषेत कितीतरी शतके लिहून ठेवलेले होते. अमरकोशात बिब्ब्याला ‘अरुष्कर’ असे एक नाव आहे. अरुस् म्हणजे व्रण, आणि तो करणारा तो अरुष्कर. दुसरे नाव ‘अग्निमुखी’. चरकसंहितेत भल्लातक रसायन म्हणून सांगितला आहे, पण तो घेण्याआधी तोंडाला आतून तूप लावावे ही सूचनाही तिथेच आहे. वैद्याला गुण आणि धोका दोन्ही माहीत होते. थोरल्या लिनियसच्या मुलाने या झाडाला ‘सेमेकार्पस’ हे शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थ ‘खुणेचे फळ’. म्हणजे एका नावात खूण आहे आणि दुसऱ्यात व्रण. दोन्ही नावे शेजारी ठेवून वाचणारा कुणी सैन्याच्या रुग्णालयात असता तर काम बरेच सोपे झाले असते.

बिब्ब्याची आणखी एक बाजू कोर्टकचेरीतली आहे. भांडणानंतर प्रतिपक्षाने मारहाण केली असा कांगावा करण्यासाठी अंगाला बिब्ब्याचा रस लावून खोटे वळ उठवण्याची चाल आपल्या देशात जुनी आहे, आणि न्यायवैद्यकाची भारतीय पाठ्यपुस्तके डॉक्टरांना तिच्यापासून सावध करीत आली आहेत. खऱ्या माराचा डाग दिवसागणिक रंग बदलतो: निळा, हिरवट, मग पिवळा. बिब्ब्याचा डाग गडद तपकिरी, वेड्यावाकड्या कडांचा असतो, त्याच्या काठाने बारीक फोड येतात, आणि तो दुखतो त्यापेक्षा खाजतो जास्त. फिर्यादी कितीही रंगवून सांगो, खाजवल्यावाचून त्याला राहवत नाही. म्हणून जाणता डॉक्टर पाठीवरचे वळ पाहून झाले की त्याला हात पुढे करायला सांगतो आणि बोटांच्या टोकांवर फोड आले आहेत का ते पाहतो.