नगरचं बंदर

गटाच्या बैठकीत आम्ही म्हणालो, नगरला एकेकाळी बंदर होतं, तर सगळ्या हसल्या. समुद्र कुठे, आपण कुठे! पण अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की खाली कोकणच दिसतं. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. तिथल्या नद्या लगेच समुद्राला मिळतात. आपली मुळा याच डोंगरांत उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते.

निजामशाही 1490 साली उभी राहिली. तिचं बंदर म्हणजे अलिबागजवळचं चौल. अरबी घोडे तिथे उतरायचे, कापड बाहेर जायचं. 1521 साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना तिथे किल्ला बांधू दिला. पुढे 1570-71 मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, तरी ते हलले नाहीत. जागा एकदा दिली की परत मिळणं अवघड, हे आपल्याला शेताच्या बांधावरून ठाऊक आहेच.

कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा तर फार जुन्या. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे. गाई, घोडे, नाणी, कोणतं दान किती, सगळे आकडे दगडात. आमच्या गटाची पहिली वही मात्र उंदरांनी खाल्ली.

या हिवाळ्यात चौलला जायचं ठरतंय. गटातल्या निम्म्या जणींनी अजून समुद्र पाहिलेला नाही.