ओमाहाच्या रब्बींचा मुलगा आणि वेदनेचा प्रश्न

आपल्या पूर्वजांना कोकणात 'शनिवार तेली' म्हणत. शब्बाथला घाणा बंद, हीच त्यांची ओळख. अमेरिकेतील ज्या तत्त्वज्ञाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत, तेही शब्बाथ कसोशीने पाळत. त्यांचे नाव सॉल क्रिप्के. वडील मायर क्रिप्के हे नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी बेथ एल सिनेगॉगचे रब्बी. १९४० साली जन्मलेल्या सॉलचा तर्कशास्त्रावरील लेख १९५९ साली, विशी गाठण्याआधीच, प्रसिद्ध झाला.

जानेवारी १९७० मध्ये त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात तीन व्याख्याने दिली. हाती लिहिलेला मजकूर नव्हता. ध्वनिफितीवरून उतरवलेली ती व्याख्याने १९७२ साली छापली गेली आणि १९८० साली 'नेमिंग अँड नेसेसिटी' हे पुस्तक झाले. विषय नावांचा, परंतु शेवटी बोलणे वेदनेवर आले.

त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत की, उष्णता म्हणजे जशी कणांची गती, तशी वेदना म्हणजे मज्जातंतूंतील हालचाल. दुसरे काही नाही. क्रिप्के यांनी नेमके येथेच बोट ठेवले. आपण घरातलाच दाखला घेऊ. तवा चुलीवर तापला आहे. कुणी हात लावला नाही, किंवा लावणाऱ्याचा हात बधिर असला, तरी तवा तापलेलाच. म्हणजे उष्णता निराळी, तिची जाणीव निराळी. वेदनेची अशी फोड करता येत नाही. जी जाणवत नाही ती वेदना कसली? आणि जो कण्हतो आहे त्याला 'तपासणीत काही निघाले नाही, तुला दुखत नाही' असे सांगून काय उपयोग? (आमच्या घरातील वृद्धांनी हे वाक्य ऐकले आहे.)

मग क्रिप्के निर्मितीकडे वळले. देवाने कणांना गती दिली, उष्णता झाली. मज्जातंतूंची हालचाल निर्माण केली, एवढ्याने ती दुखू लागेल काय? त्यांचे उत्तर असे की, देवाला आणखी काही करावे लागेल. आणि तसे असेल तर दोन्ही एकच नव्हेत. इंजेक्शनने तंतू बधिर होऊन दुखणे थांबते हे खरे, पण त्यावरून संबंध दिसतो, एकरूपता नव्हे.

यावरून रब्बींच्या मुलाने आत्मा सिद्ध केला असे मात्र कुणी समजू नये. तसा दावा त्यांनी केला नाही. मन व शरीर यांचा प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला. सप्टेंबर २०२२ मध्ये ते वारले. विरोधक म्हणतात, दोन गोष्टी वेगळ्या कल्पिता आल्या म्हणून त्या वेगळ्या असतात असे नाही. ही शंका आम्हांस हलकी वाटत नाही. तरी तवा आणि चटका यांतील फरकाचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडूनही अजून यावयाचे आहे.