वैद्यकविद्येचा उंबरठा

परवा एक बाई आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी दोन वेळा वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेस बसलेली. दुसऱ्या खेपेस ज्या गुणांवर सरकारी महाविद्यालयांतील प्रवेश थांबले, त्याहून तिला चार गुण कमी पडले. म्हणजे अवघ्या एका प्रश्नाचे अंतर. आता आणखी एक वर्ष त्यातच घालवावे, की आमच्या महाविद्यालयात बी.ए.च्या वर्गात नाव घालावे, एवढेच विचारण्यास त्या आल्या होत्या. परंतु उठता उठता त्या म्हणाल्या, "म्हणजे सर, आमची पोर डॉक्टर होण्याच्या योग्यतेची नाही, असेच ना?" मुलगी खाली मान घालून बसली होती.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. योग्यतेचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण जिला हल्ली घरोघर 'कटऑफ' म्हणतात, ती रेघ कोणी, केव्हा व कशासाठी ओढली, हे पाहणे माझ्या धंद्यातले आहे. आणि ते पाहू गेल्यास बाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना वाटते तितके सरळ राहत नाही.

आरंभी हा उंबरठा ओलांडण्यासाठी गर्दी नव्हतीच. उलट सरकारलाच उंबरठ्यावर उभे राहून हाका माराव्या लागत होत्या. ता. २८ जानेवारी १८३५ रोजी लॉर्ड विल्यम बेंटिंक ह्यांनी कलकत्त्यास वैद्यक महाविद्यालय काढण्याचा हुकूम दिला. त्यात विद्यार्थ्याचे वय चौदा ते वीस असावे, त्यास इंग्रजी व त्यासोबत बंगाली किंवा हिंदुस्थानी लिहितावाचता यावी, एवढीच अपेक्षा होती. आणि निवडलेल्या मुलांना फी नव्हे, तर दरमहा विद्यावेतन मिळावयाचे होते. प्रेतास स्पर्श करावयाचा म्हटल्यावर कोणता सनातनी बाप आपला मुलगा सुखाने पाठवील? १८३६ साली मधुसूदन गुप्तांनी तेथे शवच्छेद केला, ह्याचे त्या काळी केवढे अप्रूप वाटले, ह्यावरून अडचण गुणांची नसून धैर्याची होती हे कळेल.

मुंबईची कथाही फारशी निराळी नाही. १८२६ साली येथे देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली, पण सहा वर्षांत, १८३२ साली, ती बंदही पडली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ साली वारले, तेव्हा त्यांचे स्मारक म्हणून लोकांनी वर्गणी जमविली, कंपनी सरकारने तीत भर घातली, व १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारी सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय होते. पहिल्या तुकडीत आलेल्या भाऊ दाजींची गोष्ट पाहा. ते तेव्हा एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते आणि काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून त्यांनी सहाशे रुपयांचे बक्षीस मिळविले होते. असा मनुष्य शिक्षकाची खुर्ची सोडून पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर येऊन बसला. सहा वर्षांनी, १८५१ साली, तेथून पहिले पदवीधर बाहेर पडले, ते अवघे आठ. त्यांत भाऊ दाजी होते आणि पुढे प्रार्थनासमाजाचे अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंगही होते. आत शिरणे सोपे होते, बाहेर पडणे कठीण होते. परीक्षेचा खरा पहारेकरी मागल्या दारावर उभा होता. आज तोच पहारेकरी पुढल्या दारावर आणून उभा केला आहे, हा फरक लहान नव्हे.

१८५७ साली मुंबई विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर मॅट्रिकची परीक्षा हा उंबरठा बनला. पण तोही ठराविक उंचीचा होता. मॅट्रिक होणारा मॅट्रिक होई. शेजारच्या मुलास त्याहून दोन गुण अधिक मिळाले म्हणून तो नापास ठरत नसे.

ज्या बाईंचे नाव आपण ह्या विद्येच्या संदर्भात सर्वांत आदराने घेतो, त्यांनी मात्र हा ठराविक उंबरठाही रीतसर ओलांडला नव्हता. आनंदीबाई जोशी जून १८८३ मध्ये अमेरिकेस पोहोचल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. गोपाळराव टपालखात्यात; त्यांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, कलकत्ता, श्रीरामपूर अशी गावे पालटत, घरी व मिळेल तेथे, त्यांचे शिक्षण झाले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाकडे त्यांनी जे प्रवेशाचे पत्र पाठविले ते सुदैवाने उपलब्ध आहे. त्यात आपण प्रवेशाच्या सर्व अटी पुऱ्या करीत नाही, हे त्यांनी उघड कबूल केले आहे. आपली गोष्ट अपवादात्मक समजून सवलत द्यावी, अशी विनंती केली आहे. आणि सोयऱ्याधायऱ्यांचा व जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इतक्या दूर आलो, तो निश्चयच पुढील अभ्यासास पुरेल, असे म्हटले आहे. मला ह्या पत्रातील धिटाईपेक्षा प्रामाणिकपणाचे नवल अधिक वाटते. आपले गुण कमी आहेत हे प्रवेशाच्याच अर्जात लिहिणारा उमेदवार आज कोणत्या रकान्यात ते लिहील? महाविद्यालयाने पत्र वाचले आणि त्यांना घेतले. मार्च १८८६ मध्ये आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्येवर प्रबंध लिहून त्या पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती, पण तेथे काम करण्यापूर्वीच ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या वारल्या. त्यांचे आयुष्य थोडके ठरले ही दैवगती. त्यांना प्रवेश दिला तो मात्र डोळसपणे दिला होता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पुढे विद्येस प्रतिष्ठा आली, पैसा आला, आणि जागांपेक्षा माणसे अधिक झाली. तेथून रेघ ओढण्याचे काम शिक्षकाच्या हातून सुटले व सरकारच्या, पुढे न्यायालयाच्याही हाती गेले. ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण मद्रासचे आहे. त्या राज्यात १९५० च्या सुमारास चार वैद्यक महाविद्यालये असून जागा अवघ्या ३३० होत्या. त्यांतील सतरा परराज्यातील मुलांसाठी व बारा सरकारच्या मर्जीसाठी राखीव. उरलेल्या जिल्ह्यांच्या चार गटांत वाटलेल्या. ह्या वाटणीतही दर चौदा जागांपैकी ब्राह्मणेतर हिंदूंस सहा, मागासलेल्या हिंदूंस दोन, ब्राह्मणांस दोन, हरिजनांस दोन, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती मिळून एक आणि मुसलमानांस एक, असा सरकारी ठराव होता. चंपकम दोराईराजन ह्या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली. मौज अशी की, त्यांनी प्रवेशाचा अर्ज केलाच नव्हता. आपल्याला जागा मिळणार नाही असे चौकशीअंती कळल्यावरून त्या न्यायालयात गेल्या होत्या. ता. ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठराव रद्द केला, आणि त्याच वर्षी राज्यघटनेस पहिली दुरुस्ती होऊन मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करण्याचा अधिकार राज्यांस मिळाला. शतकानुशतके ज्यांस शाळेच्या ओटीवरही घेतले नाही, त्यांच्यासाठी जागा राखणे मला न्याय्य वाटते. ह्यावर ज्यांचे मत निराळे आहे त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. येथे पाहावयाचे ते इतकेच, की सहा-दोन-दोन ही वाटणी काय, किंवा न्यायालयाने मागितलेला गुणानुक्रम काय, दोन्ही पक्षांचे भांडण ३३० ह्या आकड्याच्या पोटात चालले होते.

आपल्या महाराष्ट्रातही विभागवार वाटणी होती. विभागातील सत्तर टक्के जागा त्याच विभागातील मुलांस व तीस टक्के बाकीच्यांस, असा नियम २०२० सालापर्यंत चालू होता. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी. त्यामुळे लातूरच्या ज्या शिकविण्यांची कीर्ती राज्यभर पसरली, तेथील मुलास जे गुण अपुरे पडत, ते दुसऱ्या विभागात पुरेसे ठरत. मुलाचे ज्ञान तेच, पत्ता निराळा.

आता नीट परीक्षेकडे वळू. ही देशव्यापी परीक्षा २०१३ साली प्रथम झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, व २०१६ साली आपलाच निर्णय मागे घेऊन पुन्हा चालू केली. तीत १८० प्रश्नांस ७२० गुण. उत्तर बरोबर आले तर चार, चुकले तर एक वजा. तीत पात्र ठरण्यासाठी खुल्या वर्गास ५० वे पर्सेंटाइल लागते, म्हणजे बसलेल्यांच्या वरच्या अर्ध्यात यावे लागते. ही अट ऐकण्यास स्थिर वाटते, पण गुणांत मांडून पाहा: २०२२ साली ११७, २०२३ साली १३७, २०२४ साली १६२. दोन वर्षांत रोग्याची नाडी बदलली नाही, शरीररचनाही बदलली नाही. योग्यता मात्र पंचेचाळीस गुणांनी वर सरकली. आणि पात्र ठरले म्हणजे प्रवेश मिळाला असेही नव्हे. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले परीक्षेस बसली, तेरा लाखांहून अधिक पात्र ठरली, आणि जागा एक लाखाच्या थोड्याच पुढे होत्या. त्याच वर्षी भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती. प्रकरण न्यायालयात गेले, दिल्लीच्या आय.आय.टी.तील तज्ज्ञांनी एकच उत्तर खरे ठरविले, आणि ह्या व इतर दुरुस्त्यांनंतर पूर्ण ७२० गुण मिळविणारे ६७ होते ते १७ उरले. पहिले पन्नास खोटे होते काय? मुळीच नाही. पेपरफुटीची लाजिरवाणी गोष्ट निराळीच. तिचा तपास पोलिसांनी करावा, इतिहासकाराने नव्हे.

रेघ वर सरकते तशी ती खालीही येते, हे त्या बाईंना मी सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. पदव्युत्तर वैद्यकाच्या काही शाखांकडे विद्यार्थी फिरकत नाहीत. तेथील जागा रिकाम्या राहू लागल्या. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये त्या वर्षीच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची पात्रता सर्व वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. जो परीक्षेस बसला तो पात्र. ज्यांना काही महिन्यांपूर्वी अपात्र म्हणून कळविले होते, तेच कसलीही नवी परीक्षा न देता पात्र झाले.

बाईंनी ते परिपत्रक दाखवा म्हटले. मी काढून दाखविले. मुलीने ते आईच्या हातून घेतले, दोनदा वाचले, आणि बी.ए.चा अर्ज कधीपर्यंत भरावयाचा ते विचारले.