पाल्याची वहिवाट

भिवंडी आज यंत्रमागांच्या खडखडाटाने आणि मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गुदामांनी ओळखली जात असली, तरी तालुक्यातील कातकरी, वारली व आगरी वस्त्यांत आणि खुद्द कसब्याच्या मोहल्ल्यांत एक लहानसा गृहोद्योग यंत्रमाग येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला आहे. तो म्हणजे शेळीपालन. महसुली दप्तरात त्याची नोंद क्वचितच आढळते, कारण जमाबंदी व्हायची ती जमिनीची, आणि शेळी ही तर ज्याच्या नावे जमीनच नाही अशा माणसाची, बहुधा त्याच्या घरातील बाईची, मालमत्ता.

भूमिहीनाने गाय सोडून शेळीच का पाळावी, याचे उत्तर ठाणे जिल्ह्याच्या गवतात दडलेले आहे. मुंबईचे तबेले आणि गोठे ज्या गवतावर पोसले जात, ते या जिल्ह्यात मालाच्या भावाने विकले जाई आणि त्याला सावकार-जमीनदार असा धनी असे. 1945 साली उंबरगाव व डहाणू तालुक्यांतील वारल्यांनी जो प्रसिद्ध संप केला, तो याच गवताच्या कापणीच्या मजुरीसाठी. पाल्याला मात्र धनी नव्हता. बोर, करवंद, आपटा यांच्या फांद्यांवर शेळी पोट भरी, पाच महिन्यांत व्यायची, आणि पुष्कळदा जुळी करडे देई. ज्याला शेळी विकत घेणेही जमत नसे, तो दुसऱ्याची अर्धेलीने सांभाळी: राबणूक याची, जनावर त्याचे, करडे निम्मी-निम्मी. भांडवलाविना धंदा उभा करण्याची ही रीत कोणत्याही पतपेढीहून जुनी आहे, आणि माझ्या मते तिचा सन्मान आपण पुरेसा केलेला नाही.

1878 च्या वनकायद्याने पाल्यावर चालणाऱ्या या व्यवस्थेच्या मुळावर घाव घातला. राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजण्यासाठी, फांद्या छाटणे अपराध ठरू लागले, आणि कोवळी रोपे खाणारी म्हणून शेळीवर तर वनखात्याची विशेष वक्रदृष्टी राहिली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 साली मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शेळीवरील हा आरोप पुढे शतकभर टिकला, अखेर सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समितीने 1987 साली, वनांच्या ऱ्हासाचा दोष शेळीच्या माथी मारण्यास पुरावा नाही, असा निर्वाळा दिला.

कसब्यातील शेळीची हकीकत निराळी आहे. 1857 च्या उठावानंतर आझमगढ, बनारस या भागांतून परागंदा झालेले मोमीन विणकर येथे येऊन स्थिरावले, आणि मागाशेजारी शेळी बांधण्याला बकरी ईदने एक निश्चित हंगाम मिळवून दिला. कुर्बानीचे जनावर वर्षाचे पुरे झालेले असावे, लंगडे, आंधळे वा व्यंग असलेले नसावे, हा धर्मनियम. म्हणून लहान करडू आणून वर्षभर घरी खाऊ घालणे आणि दोन दात आल्यावर विकणे, हा त्या कुटुंबांना सहज साधणारा जोडधंदा होता. 1971 साली देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. तेथे ईदच्या सुमारास भरणाऱ्या बाजारात राजस्थान, उत्तर प्रदेशाकडूनही बकरे येऊ लागले, आणि घरच्या चार बकऱ्यांच्या धन्याला परमुलखातील कळपांशी स्पर्धा करणे भाग पडले.

दरम्यान सरकारचे धोरण पालटले. ज्या शेळीला जंगलातून हुसकले, तीच एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली 1980 नंतर कर्जाऊ वाटली जाऊ लागली. हेतू चांगला होता. परंतु उस्मानाबादीसारखी कोरड्या मुलखातील जात कोकणच्या धो-धो पावसात ओल्या जमिनीवर उभी राहिली म्हणजे तिचे खूर सडतात, ती खोकते, जंतांनी खंगते. सिंधुदुर्गाकडील कोकण कन्याळ या पावसाला सरावलेली आहे. तिलाही फळ्यांचे उंच मचाण, पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस आणि जंतांचे औषध लागतेच.

आता पूर्णा, काल्हेर, राहनाळ, मानकोली या गावांच्या शिवारांत गुदामे उभी राहिली, आणि जेथे बोरी-करवंदी होत्या तेथे पत्र्याच्या भिंती आल्या. त्यामुळे घरी चार शेळ्यांचा धंदा मांडू पाहणाऱ्या बाईला चारा विकत घ्यावा लागतो, आणि नफा नेमका तेथेच गळतो. तिने जनावराआधी पाल्याची तजवीज करावी, असे मला कळकळीने वाटते: पावसाच्या तोंडाशी बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावावी, सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घालू नये, आणि शेवरी कापणीस आल्याखेरीज पहिली शेळी विकत घेऊ नये.